कोकेन सोडलंय, भाऊ नुसता झोपून आहे. पुढे काय करायचं?

सांजवारा
मोठा भाऊ गेली दोनेक वर्षं कोकेन घेत होता. घरात कळत सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं. मागच्या आठवड्यात त्यानेच वहिनीला सगळं सांगितलं, उरलेला माल तिच्यासमोर संडासात टाकून पाणी सोडलं, आणि तेव्हापासून झोपलाय. उठतो, समोर येईल ते खातो, परत झोपतो. मध्येच घामाघूम होऊन दचकून जागा होतो, म्हणतो फार घाण स्वप्नं पडतात. बोलायला गेलं की अंगावर येतो.

दारू सोडल्यावर येतात तशा फिट्स येतील, हात थरथरतील, असं आम्ही धरून चाललो होतो. तसलं काहीच नाही. आई म्हणते झोपू दे, झोपेत सगळं उतरेल. वहिनीला वाटतं आजच्या आज कुठेतरी दाखल करावं. आणि तो स्वतः म्हणतो, "सोडलंय ना मी? मग डॉक्टर कशाला?"

तिघांत बरोबर कोण? यातून गेलेलं किंवा या कामातलं कुणी असेल तर स्पष्ट लिहा. उपदेश नको, तो घरात भरपूर आहे.

चौथा मजला
व्यसनोपचार विभागात काम करते, म्हणून आधी एकच विचारते. मरणाबद्दल काही बोललाय का तो? थेट नाही, आडून का होईना?

सांजवारा
परवा वहिनीला म्हणाला, "मी नसतो तर तुमचं बरं चाललं असतं." रागाच्या भरात बोलला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं.

चौथा मजला
सोडून देऊ नका. आजच, शांतपणे, आडवळण न घेता विचारा: जीव द्यावासा वाटतोय का, काही ठरवलंयस का. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी एकदाचं विचारलं याचंच हायसं वाटतं. उत्तर "हो" आलं आणि काही ठरवलेलं असेल तर अपॉइंटमेंट वगैरे विसरा, तातडीच्या विभागात न्या. "नाही" म्हणाला तरी पुढचे काही दिवस त्याला एकटं ठेवू नका, आणि घरातल्या गोळ्या त्याच्या हाती लागणार नाहीत असं बघा. कोकेन सोडल्यावर शरीराच्या त्रासाने माणूस दगावणं फार क्वचित घडतं. जिवाला खरा धोका आहे तो या दिवसांतल्या निराशेचा.

आता फिट्सचं. दारू किंवा अल्प्राझोलाम, डायझेपाम जातीच्या झोपेच्या गोळ्या मेंदूला दाबून ठेवतात. त्या एकदम थांबवल्या की दाबलेला मेंदू उसळतो, फिट्स येतात, माणूस जाऊही शकतो. कोकेनचं उलट आहे. मेंदूच्या पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की परत आत घेतात. कोकेन ही परतीची वाट अडवतं, डोपामिन बाहेर साचतं, म्हणून ती तरतरी, तो आत्मविश्वास. ते थांबलं की माणूस उसळत नाही, खाली बसतो. प्रचंड झोप, प्रचंड भूक, चिडचिड, उदासी, भयंकर स्वप्नं. तुम्ही लिहिलंत ते अगदी ठरल्याप्रमाणे चाललंय.

पण एक गोष्ट खात्री करून घ्याच. रात्रभर कोकेन घेतल्यावर झोप लागावी म्हणून बरेच जण दारू किंवा गोळ्यांचा आधार घेतात. त्याने तेही रोज घेतलं असेल आणि आता तेही बंद केलं असेल, तर प्रकरण घरी सांभाळायचं नाही, आजच डॉक्टर. छातीत दुखणं, श्वास लागणं, एका बाजूची शक्ती जाणं, फिट येणं, यातलं काहीही झालं तरी सरळ हॉस्पिटल, आणि तिथे "कोकेन घेत होता" हे न लाजता सांगायचं. छातीत दुखण्यावर कोणतं औषध द्यायचं हे त्यावरून बदलतं.

म्हणजे आई झोपेपुरती बरोबर. वहिनी डॉक्टरपुरत्या बरोबर, दाखलच करायला हवं असं मात्र नाही. आणि भावाच्या प्रश्नाचं उत्तर त्याला दोन-तीन आठवड्यांनी आपोआप मिळेल, तोवर थांबू नका.

रोखठोक
एवढा बाऊ कशाला? मनाचा निर्धार पाहिजे. मी सिगारेट एका दिवसात सोडली, डॉक्टर नाही की काउन्सेलर नाही. त्याने सोडलंय म्हणतोय तर विश्वास ठेवा ना.

परतीचा प्रवासी
रोखठोक, निर्धाराने सोडता येतं. मीही सोडलं होतं निर्धाराने, तेही बऱ्याचदा. सोडलेलं टिकवायला निर्धार अपुरा पडतो, कारण नेमक्या त्या वेळी निर्धार करणारा मेंदूच जागेवर नसतो.

ताई, तुमच्या भावाचं जे चाललंय त्याला आम्ही क्रॅश म्हणतो. तो काही दिवसांत ओसरेल. एक दिवस उठेल, दाढी करेल, चहा मागेल, घरातले एकमेकांकडे बघून हसतील. तिथून पुढचं कुणी सांगत नाही म्हणून लिहितो.

पुढचे आठवडे दुःख नसतं हो, दुःख परवडलं. काहीच नसतं. मुलगी शाळेतलं काहीतरी रंगवून सांगायची आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसायचो, आत काही हलायचं नाही. आवडीचं गाणं म्हणजे नुसता आवाज. जीभ भाजलेली असताना जेवावं तसे ते दिवस. आणि तुम्ही बाहेरून चांगले दिसत असता, त्यामुळे सगळ्यांना वाटतं झालं, सुटला. तुम्हाला मात्र वाटत असतं की कोकेनशिवायचं आयुष्य जर असंच असणार असेल तर मग कशाला? हे तात्पुरतं आहे, मेंदू सावरतोय, हे कुणी आधी सांगितलेलं असेल तर तेवढ्यावर माणूस तग धरतो. मला सांगणारं कुणी नव्हतं.

आणि तलफ क्रॅशमध्ये येतच नाही फारशी. तेव्हा झोप सोडून काही नको असतं, म्हणून त्या दिवसांत "मी कायमचं सोडलं" हे अगदी मनापासून म्हणता येतं. तलफ येते नंतर, सगळं ठीक चाललेलं असताना. माझ्या बाबतीत दोन गोष्टी होत्या. एक, पगार जमा झाल्याचा मेसेज. फोन खिशात थरथरला की पोटात कळ यायची, अक्षरशः शौचाला जावं लागायचं. दुसरी, कोरी करकरीत नोट. कोकेन नाकाने ओढायला तिची सुरळी करायची सवय बोटांना होती. दुकानात सुट्टे परत घेताना कोरी नोट आली की बोटं आपोआप गुंडाळायला लागायची आणि नाकात आतून बधिर झाल्यासारखं व्हायचं. काही घेतलेलं नसताना! काउन्सेलरला हे सांगायला मला लाज वाटत होती. ती म्हणाली, हे अगदी नेहमीचं आहे, आणि वही काढून आम्ही यादी करायला बसलो.

आकडेमोड
प्रवासी यांनी लिहिलंय ते संशोधनातही जवळपास असंच सापडतं. १९८६ मध्ये गॉविन आणि क्लेबर या मनोविकारतज्ज्ञांनी कोकेन सोडण्याचे तीन टप्पे मांडले: आधी क्रॅश, मग काही आठवड्यांचा निरुत्साहाचा आणि तलफेचा काळ, आणि त्यानंतर अधूनमधून एखाद्या निमित्ताने उसळणारी तलफ, जी महिनोन्‌महिने येत राहते. पुढे रुग्णालयात दाखल असलेल्यांवर अभ्यास झाले तेव्हा असे वेगळे टप्पे दिसले नाहीत, त्रास हळूहळू उतरत गेला. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की दाखल माणसासमोर ना नोट असते ना पगाराचा मेसेज ना जुने मित्र. वॉर्डात बरं वाटणं आणि घरी बरं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून एक. २००१ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कोकेन बंद केल्यावर, कोकेनशी जोडलेल्या खुणांमुळे उंदरांची ते मिळवायची धडपड पहिल्या काही आठवड्यांत कमी व्हायच्याऐवजी वाढत गेली. माणूस म्हणजे उंदीर नव्हे हे मान्य. पण "महिना झाला, आता धोका टळला" असं म्हणण्याआधी हे आठवावं.

निवांत
माझ्या चुलतभावाच्या वेळी डॉक्टरांनी सरळ झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, महिनाभर गुंगीत ठेवलं, त्रास जाणवलाच नाही. तुम्ही पण मागून घ्या.

चौथा मजला
नका मागू. डॉक्टरांना तपासून थोड्या दिवसांसाठी द्याव्याशा वाटल्या तर तो त्यांचा निर्णय, आणि त्या वहिनींच्या ताब्यात. महिनाभर रोज त्या गोळ्या म्हणजे दुसऱ्या व्यसनाची पायाभरणी, आणि हे दुसरं सोडायला जास्त धोक्याचं.

औषधाचा विषय निघालाच आहे तर. कोकेनच्या व्यसनावर म्हणून मान्यता मिळालेलं औषध आज नाही. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने एकालाही दिलेली नाही. डायसल्फिराम, टोपिरामेट, मोडाफिनिल, बरंच काही तपासून झालं, कोकेनविरोधी लसही करून पाहिली. कशानेही सर्वांवर भरवशाने चालेल इतकं हाती लागलेलं नाही. त्यामुळे "एका इंजेक्शनमध्ये कोकेन कायमचं बंद" अशी जाहिरात दिसली की पुढे जा. नैराश्य, घबराट, झोप यांवर औषध मिळतं आणि गरज असेल तर घ्यावं. फक्त नैराश्य आधीपासूनचं आहे की क्रॅशचं, हे ठरायला थोडे दिवस लागतात, म्हणून डॉक्टर लगेच गोळी देत नाहीत म्हणून नाराज होऊ नका. आत्महत्येचे विचार असतील तर अर्थातच थांबत नाहीत.

जुना खेळाडू
अवांतर: एका व्यसनावर दुसऱ्याचा उतारा ही खोड जुनी. १८८४ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने कोकेनची स्तुती करणारा निबंध लिहिला, आणि मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या फ्लाइश्ल-मार्क्सो या मित्राला कोकेन सुचवलं. मित्राला दोन्हींचं व्यसन लागलं. १८९१ मध्ये तो वारला.

सांजवारा
सगळ्यांचे आभार. काल विचारलं त्याला, थेट. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला विचार येतात, पण काही करणार नाही. आणि रडला. आम्ही कुणीच त्याला रडताना बघितलं नव्हतं. सध्या वहिनी किंवा मी, कुणीतरी सोबत असतोच. झोपेच्या गोळ्या घेत नव्हता म्हणतो, दारू शनिवार-रविवार, रोज नाही.

पण औषध नाही म्हणजे मग डॉक्टर करणार काय? हे त्याला कसं पटवू?

चौथा मजला
तुम्ही विचारलंत हे फार मोठं काम केलंत. विचार येतात म्हणाला हे मात्र डॉक्टरांच्या कानावर पहिल्या भेटीआधीच, फोनवर घाला, आणि लवकरात लवकरची वेळ मागा. दरम्यान बोलण्यात काही बदललं तर सरळ तातडीचा विभाग.

औषध नाही म्हणजे उपचार नाही असं नाही. कोकेनवर चालतात ते बोलण्याचे आणि वागण्याचे उपचार, आणि ते चांगले चालतात. प्रवासींच्या काउन्सेलरने वही काढली ना, तो त्याचाच भाग. तलफ कुठे, कधी, कुणासोबत येते ते शोधायचं. टाळता येईल ते टाळायचं, टाळता येणार नाही त्याची आधी तालीम करायची. जुना मित्र फोनवर "ये ना, नुसता बसायला" म्हणाला तर नेमकं काय बोलायचं, हे खरंच मोठ्याने बोलून घेतो आम्ही. पहिल्यांदा सगळे हसतात.

दुसरा प्रकार लोकांना विचित्र वाटतो. स्टीफन हिगिन्स यांनी व्हरमाँट विद्यापीठात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो कोकेनसाठी नीट बसवला. आठवड्यातून काही वेळा लघवी तपासायची, कोकेन नाही सापडलं की व्हाउचर, सलग नाही सापडलं की व्हाउचरची किंमत चढत जाते, सापडलं की पुन्हा पहिल्या पायरीवर. व्हाउचरवर रोख नाही, उपयोगाची वस्तू मिळते.

रोखठोक
म्हणजे नशा न करण्याबद्दल बक्षीस? आम्ही सरळ वागणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? हा शुद्ध लाड आहे.

आकडेमोड
लाड म्हणा, पण निकाल बघा. हिगिन्स यांच्या १९९४ च्या अभ्यासात व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोक २४ आठवड्यांचा उपचार पूर्ण होईपर्यंत टिकले. तेच समुपदेशन, पण व्हाउचर नाही, अशांपैकी ४० टक्के. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी २०११ पासून ही पद्धत सुरू केली.

परतीचा प्रवासी
रोखठोक, तुमचा राग समजतो, माझ्या सासऱ्यांचं तेच मत आहे. पण वर लिहिलं ते सपाट दिवस आठवा. कशातच काही वाटत नसलेल्या माणसाला "सहा महिन्यांनी तब्येत सुधारेल" हे बक्षीस फार लांबचं असतं. कोकेन मिनिटांत बक्षीस देतं. त्याच्याशी टक्कर घ्यायची तर समोरची गोष्टही आजची, हातात मिळणारी पाहिजे. माझ्या ठिकाणी व्हाउचर नव्हते. तपासणी स्वच्छ आली की तो कागद मी बायकोला द्यायचो आणि रविवारी मुलीला बाहेर न्यायची जबाबदारी माझी, एकट्याची. त्या आधी माझ्यावर मुलगी सोपवत नव्हते. त्या कागदासाठी मी काय काय टाळलंय ते माझं मला माहीत.

रोखठोक
बरं. व्हाउचरपेक्षा हे पटलं. पण व्हाउचर बंद झाल्यावर काय?

चौथा मजला
प्रश्न रास्त आहे, परिणाम काही जणांत ओसरतो. म्हणूनच नुसतं बक्षीस नाही, त्याच काळात बाकीचं आयुष्य उभं करायचं असतं: काम, झोपेची वेळ, कोकेन न घेणारे मित्र. नार्कोटिक्स ॲनॉनिमस, कोकेन ॲनॉनिमस असे स्वमदत गटही आहेत, सगळ्यांना मानवतात असं नाही, पण फुकट असतात आणि रात्री फोन उचलणारं कुणीतरी मिळतं. आणि मुदत लांबची धरा. तीन महिन्यांपेक्षा कमी उपचाराचा फारसा उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेची तत्त्वं सांगतात. आठवडाभराचं "डिटॉक्स" करून घरी पाठवणं म्हणजे सुरुवात करून सोडून देणं.

दुपारची सावली
दाखल करण्याबद्दल कुणी लिहिलंच नाही. आमच्याकडे माझ्या दिराला रात्री चार माणसं पाठवून उचलून नेलं होतं, घरच्यांच्याच सांगण्यावरून. नाव नको. महिने काढले त्याने तिथे, मारही खाल्ला. बाहेर आल्यावर पहिलं काम काय केलं असेल ते सांगायला नको, आणि त्यानंतर घरातल्या एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही त्याने. वहिनींना हे जरूर सांगा.

चौथा मजला
+१. जीव द्यायचा विचार बळावला असेल, भास किंवा संशय सोडल्यावरही थांबत नसेल, दारू-गोळ्यांचंही व्यसन असेल, किंवा घरातच माल येत असेल, तर दाखल करणं योग्य. बाकीच्यांना घरी राहून, ठरलेल्या दिवशी येऊनही चांगला उपचार मिळतो. जिथे नातेवाइकांना महिनोन्‌महिने भेटू देत नाहीत, डॉक्टर कधी येतात ते सांगत नाहीत, तिथे पाऊल ठेवू नका.

वहिनींसाठी एक. पकडून आणण्याऐवजी घरच्यांना शिकवायची एक पद्धत आहे, क्राफ्ट म्हणतात, रॉबर्ट मायर्स यांनी रचलेली. नशेत नसताना प्रेमाने वागायचं, नशेत असताना भांडण न करता बाजूला व्हायचं, त्याच्या नशेचे परिणाम त्याच्या वतीने निस्तरायचे नाहीत, आणि तो स्वतः "कंटाळलो" म्हणाला त्या क्षणी उपचाराचं दार तयार ठेवायचं. दारूबाबतच्या १९९९ च्या अभ्यासात अशा घरांतले ६४ टक्के लोक उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून एकदम समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के. तुमचा भाऊ तर स्वतःहून बोललाय. दार आत्ता उघडं आहे.

परतीचा प्रवासी
दारू शनिवार-रविवार म्हणाला तो, त्यावर लिहायचं राहिलं. तीही बंद, निदान वर्षभर. दोन पेग पोटात गेले की माझा अंगठा आपोआप "त्या" नंबरवर जायचा. काउन्सेलर म्हणायची, तुमचं कोकेन ग्लासातून सुरू होतं.

आकडेमोड
शिवाय दोन्ही एकत्र गेलं की यकृतात कोकाएथिलीन नावाचा तिसराच पदार्थ तयार होतो. तो कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतो आणि हृदयाला जास्त घातक. नुसतं कोकेन घेतलं तरी पुढच्या तासाभरात हार्ट ॲटॅकचा धोका जवळपास २४ पट होतो, असं १९९९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

सांजवारा
गुरुवारी सकाळची वेळ मिळाली, विचारांचं फोनवर सांगून ठेवलंय. येतो म्हणाला. अट एकच, वहिनी आत येणार नाही, मी चालेन. पहिल्या भेटीत काय होतं? आणि पुन्हा घेतलं त्याने, तर?

चौथा मजला
अट मान्य करा. डॉक्टरांनाही काही वेळ त्याच्याशी एकट्याशी बोलायला लागेल, तेव्हा तुम्हीही बाहेर.

किती, किती वेळा, नाकाने ओढत होता की आणखी कसा, शेवटचं कधी, सोबत काय काय, झोप, मरणाचे विचार, संशय-भास, हे विचारतील. खरं सांगितलं तर उपचार बरोबर बसतो, एवढंच त्याला सांगा. लघवीची तपासणी होईल. त्यात कोकेनचे अंश साधारण दोन ते चार दिवस दिसतात, खूप घेणाऱ्यात आठवड्याहून जास्त. म्हणून आता पॉझिटिव्ह आली तर लगेच "खोटं बोललास" म्हणू नका. छातीत कधी दुखलं असेल तर ईसीजी. नळी किंवा सुई कुणासोबत वापरली असेल तर हेपटायटिस सी आणि एचआयव्हीची तपासणी. नाकातून रक्त येतं का, तेही सांगा, नाकातल्या पडद्याला भोक पडलेलं असतं कधीकधी.

पुन्हा घेतलं तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्यांना कळवायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. घसरलेल्या माणसाला हाकलून देणारं केंद्र असेल तर केंद्र बदला. हे त्याच्या तोंडावर सांगायला अवघड जाईल, तरी सांगा: घेतलंच तर एकट्याने, दार लावून नाही. बऱ्याच देशांत कोकेनमध्ये फेंटानिल, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं फार जहाल औषध, मिसळलेलं सापडतं, त्याने श्वास बंद पडतो. त्यावरचा उतारा, नालोक्सोन, मिळत असेल तर घरात ठेवा.

गुरुवारी निघताना त्याचा जुना नंबर बदलायचा का, पगार कुणाच्या खात्यात जाईल, हेही तिथेच काढा, घरी काढाल तर भांडण होईल. आणि पुढची तारीख हातात घेतल्याशिवाय उठू नका.

सांजवारा
लिहून घेतलं सगळं. नंबर बदलायला तो आत्ताच तयार नाही, बघू गुरुवारी.